दुकान-हॉटेल दिव्यांगांसाठी सोयीचे करताना या चुका टाळा

‘दिव्यांग ग्राहकांसाठी काहीतरी करून द्या’ असा निरोप व्यावसायिकाकडून येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात फक्त रॅम्प असतो, आणि तोही उद्‌घाटनाच्या आदल्या आठवड्यात, उरलेल्या सिमेंट-फरशीत उरकावा अशी त्याची अपेक्षा असते. सगळ्यांत जास्त चुका या घाईतच होतात.

रॅम्पच्या उताराचे प्रमाण 1:12 हवे. म्हणजे 1 इंच उंची चढायला किमान 12 इंच लांबी लागते. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर उंची 18 इंच आणि रॅम्प 18 फूट. हा हिशेब ऐकला की मालकाचा चेहरा पडतो आणि गवंडी ‘बसवतो की पाच फुटांत’ म्हणून त्याला धीर देतो. तालुक्याच्या एका गावात मिठाईच्या दुकानासमोर असाच पाच फुटांचा रॅम्प झाला होता, वर चकचकीत ग्लेझ्ड टाइल्स, बाजूला कठडा नाही. पावसाळ्यात एक बाई व्हीलचेअरवरून आल्या. भाऊ मागून खुर्ची ढकलत होता. अर्ध्यावर त्याचे पाय घसरले आणि खुर्ची मागे येऊ लागली. दुकानातल्या पोरांनी धावत येऊन खुर्ची बाईंसकट उचलून आत नेली. मालक मात्र खूश होता : ‘आमची माणसं कायम तयार असतात, मॅडम!’ अनोळखी माणसांनी भर बाजारात आपल्याला उचलावे, असे कोणाला वाटेल, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

गंमत अशी की, त्याच दुकानाच्या बोळातल्या दाराला जेमतेम चार इंचांची एकच पायरी होती आणि तिथे चार फुटांचा उतार पुरला असता. म्हणून मी नकाशा उघडण्याआधी टेप घेऊन इमारतीची सगळी दारे फिरून येते. बाजूचे दार वापरायचे ठरलेच, तर तिथले खोके हलवावेत, दिवा लावावा आणि पुढच्या दाराशी ठळक पाटी लावावी. पुढूनच रॅम्प हवा असेल, तर तो वळवून घ्यावा, वळणावर आणि दारापाशी पाच फुटांची सपाट जागा सोडावी, फरशी खरखरीत असावी आणि दोन्ही बाजूंना कठडे असावेत. इतके झाल्यावर रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर लावू देऊ नये, हे खरे तर सांगावे लागू नये.

दुसरी माझी नावडती गोष्ट म्हणजे हॉटेलातले ‘दिव्यांगांसाठीचे’ स्वच्छतागृह. दारावर निळी पाटी असते, आत पोछा, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या. दार आत उघडते, त्यामुळे खुर्ची आत गेली की दार लागत नाही. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, त्याची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर असावी आणि आत खुर्ची वळण्यापुरते दीड मीटरचे वर्तुळ रिकामे राहावे. आधाराचे दांडे भिंतीत पक्के बसवावेत. सक्शनवर चिकटवलेला दांडा माणसाच्या वजनाने निघून येतो.

मेन्यू फक्त क्यूआर कोडवर, आणि कोड उघडल्यावर नुसता फोटो, असे असेल तर अंध ग्राहकाच्या फोनमधल्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीला) तो बहुतेकदा नीट वाचता येत नाही. मजकूर टाइप केलेला असावा. सपाट टचस्क्रीनच्या कार्ड मशीनवर अंध व्यक्तीला पिन टाकणे अवघड जाते आणि मग वेटर सगळ्यांदेखत ‘पिन सांगा’ म्हणतो. बटणांचे एक मशीन गल्ल्यावर ठेवावे. ग्राहक समोर बसलेला असताना ‘यांना काय हवंय?’ असे सोबत्याला विचारू नये.

‘आमच्याकडे असे ग्राहक येतच नाहीत’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. त्याच्या भंगासाठी पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत आणि पुढे 50,000 ते 5 लाख रुपये दंडाची तरतूद आहे, एवढे सांगून मी टेप काढते.