डर्बनच्या सुट्टी-वर्गाला निघताना

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि जवळपास त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या शाळा हिवाळ्याच्या सुट्टीसाठी बंद होतात. त्यामुळे तिथल्या मुलांच्या सुट्टी-वर्गात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलं, तर नोकरीतल्या शिक्षकांची तयारी रजेच्या अर्जापाशीच अडते. सत्राच्या तोंडावर तीन आठवड्यांची रजा हसत हसत देणारे मुख्याध्यापक मला तरी एकतीस वर्षांच्या नोकरीत भेटले नाहीत. मी निवृत्त झाल्यावरच जाऊ शकले. २०२५ मध्ये त्यांची सुट्टी २७ जूनला लागली आणि २२ जुलैला शाळा उघडल्या. दरवर्षी तारखा थोड्या मागंपुढं सरकतात, पण तिथला शिक्षण विभाग त्या बऱ्याच आधी जाहीर करतो. आधी त्या तारखा बघा, मग तिकीट.

मी गेले ते डर्बनजवळ, इनांडाच्या बाजूला, एका चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या सुट्टी-वर्गाला. हा वर्ग कशासाठी असतो ते निघण्यापूर्वी समजून घ्या, नाहीतर बॅग चुकीची भरली जाते. माझी भरली गेली होती. दक्षिण आफ्रिकेत ९० लाखांहून जास्त मुलांना शाळेत सरकारी जेवण मिळतं. आपल्या मनपाच्या नि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या खिचडीसारखीच ही व्यवस्था, १९९४ साली सुरू झालेली. शाळेला कुलूप लागलं की हे ताट बंद. वर आईवडील कामावर, मोठी भावंडं नाक्यावर, आणि घराला राखण आठ वर्षांच्या पोरीची. वर्ग चालतो तो या दोन गोष्टींसाठी: दुपारचं एक गरम जेवण आणि तोवर कुणाची तरी नजर. मी मात्र गणिताचे खेळ, शब्दांची कार्डं आणि तीन डझन पेन्सिली घेऊन पोचले. पहिले चार दिवस राजम्यासारखे दाणे निवडले आणि पातेली घासली. पाचव्या दिवशी कार्डं बाहेर काढली, तोवर मुलांना माझा चेहरा सवयीचा झाला होता आणि म्हणूनच ती बसली. पेन्सिली सदतीस मुलांना पुरल्या नाहीत, ते वेगळंच. मोजून देता येत नसेल अशी वस्तू नेऊच नका.

म्हणून तयारी एक उन्हाळा आधी, नागपुरातच सुरू करा. मे महिन्यात बांधकामाच्या जागेवर किंवा जवळच्या वस्तीत जी संस्था मुलांचा वर्ग घेते तिच्याकडं जा, आणि सलग पंधरा दिवस जा. नवतपात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना सकाळी सात ते दहा वेगवेगळ्या वयाची तीस पोट्टी टिनाच्या शेडखाली सांभाळून बघा. पंधरापैकी बारा दिवस जमलं, तर पासपोर्ट काढायला हरकत नाही. चौथ्याच दिवशी ‘आज जाऊन राहिली नाही बापा, ऊन लय आहे’ असं झालं, तर विमानाचे पैसे वाचले म्हणायचे.

आता कागद. यात घाई चालत नाही, चार महिने धरा. पासपोर्ट तिथून परतायच्या तारखेनंतर किमान तीस दिवस चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. व्हिसाच्या अर्जात कारण ‘पर्यटन’ असं ठोकून देऊ नका. धर्मादाय आणि स्वयंसेवी कामासाठी त्यांच्या कायद्यात वेगळी तरतूद आहे आणि त्यासाठी तिथं वर्ग चालवणाऱ्या संस्थेचं निमंत्रणपत्र लागतं: काम काय, किती दिवस, राहणार कुठं, खर्च कुणाचा. ओळखीचा एजंट ‘मॅडम, टूरिस्टवर जा, कोण विचारतंय’ असं सांगेल. मुलांसोबत काम करायला जाणाऱ्या माणसानं पहिल्याच फॉर्मवर खोटं लिहू नये एवढंच मी त्याला सांगितलं. त्यानं पुन्हा फोन केला नाही.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो. फी पाचशे रुपये. यात माझे तीन आठवडे गेले आणि चूक माझीच होती. पासपोर्टवर नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याचा पत्ता आणि राहायला मी मनीषनगरात. पडताळणी कुठल्या ठाण्यानं करायची यातच कागद फिरत राहिला. पत्ता बदलला असेल तर दाखल्याच्या आधी पासपोर्ट नीट करून घ्या. बायांनी आणखी एक बघावं: पासपोर्टवर सासरचं नाव, पदवीवर माहेरचं, असा घोळ असेल तर लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडून ठेवावी.

याहून महत्त्वाचा कागद तिकडचा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या २००५ च्या बाल कायद्याखाली मुलांसाठी अपात्र ठरलेल्या माणसांची एक राष्ट्रीय नोंदवही असते. त्यात आपलं नाव नाही ना, हे तपासण्यासाठी फॉर्म ३० भरावा लागतो. लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही निराळी, तिची तपासणीही निराळी. संस्थेनं हे फॉर्म स्वतःहून पाठवले तर समाधान माना. ‘त्याची काही गरज नाही, तुम्ही या फक्त’ असं उत्तर आलं तर तिथं जाऊ नका. तुम्हाला न तपासता मुलांमध्ये सोडणारे लोक इतरांनाही तसंच सोडत असणार. याच कारणासाठी मी अनाथाश्रमांची आमंत्रणंही बाजूला ठेवली. सुट्टी-वर्गातलं मूल संध्याकाळी आपल्या आजीकडं परत जातं. आश्रमातल्या मुलासाठी दर तीन आठवड्यांनी नवी ‘मावशी’ येते आणि निघून जाते, आणि त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते.

डॉक्टरांकडं दीड-दोन महिने आधी जा. धनुर्वात, हिपॅटायटिस ए, टायफॉइड, लहानपणी गोवराची लस झाली होती की नाही, हे सगळं त्यांच्यापुढं ठेवा. डर्बन ज्या प्रांतात येतं त्या क्वाझुलू-नाताळमध्ये पिसाळलेल्या कुत्र्यांचा त्रास आहे आणि वस्तीतली कुत्री मुलांच्या मागोमाग हॉलमध्ये येतात, म्हणून रेबीजच्या लशीबद्दलही विचारा. जुलैत तिकडं फ्लूचा हंगाम असतो. डर्बन शहरात मलेरिया नाही, पण मोझांबिकच्या सीमेकडं फिरायचा बेत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा. पिवळ्या तापाची लस तुमच्या विमानमार्गावर ठरते. आदिस अबाबा किंवा नैरोबीत बारा तासांहून जास्त थांबा असेल तर दक्षिण आफ्रिकेत उतरताना तिचं प्रमाणपत्र मागतात आणि लस निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. आखातातून गेलात तर हा प्रश्नच येत नाही. मी मुंबईहून आखातामार्गेच गेले. वैद्यकीय विमा घ्या, त्याचा कागद छापून बॅगेत ठेवा. एवढं पुरे.

कपड्यांबद्दल नागपूरकरांना फार सांगायला नको. डर्बनचा जुलै म्हणजे आपला डिसेंबर: पहाटे अकरा-बारा अंश, दुपारी बावीस-तेवीस. फरक इतकाच की हॉलची फरशी थंडगार असते आणि दिवसभर खाली बसायचं असतं. जाड मोजे आणि बसायला घडीची सतरंजी न्या. छत्री नको, तिकडचा पाऊस उन्हाळ्यात पडतो. साधे, अंगभर, वाकता-धावता येतील असे कपडे. सोन्याची साखळी घरी ठेवा. प्लग बदलायचं यंत्र मी दुकानातून साडेचारशेला घेतलं आणि तिथं जाऊन बघते तर भिंतीवर आपल्या गीझरच्या प्लगचीच तीन जाड भोकं! आपला सोळा ॲम्पियरचा मोठा प्लग त्यात बसतो. एक एक्स्टेन्शन बोर्ड नेलात की काम झालं. टॉर्चही ठेवा. वीज तिकडंही जायची, आणि त्याला म्हणतातही लोडशेडिंगच.

खाण्याचं ओझं नेऊ नका. डर्बनमध्ये हळद, तिखट, डाळी, कढीपत्ता सगळं मिळतं. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनी दीडशे वर्षांत ती सोय करून ठेवली आहे. संत्री तर मुळीच नेऊ नका. ताजी फळं परवान्याशिवाय आत नेता येत नाहीत. शिवाय आपला मृग बहार फेब्रुवारी-मार्चात संपलेला, आणि त्यांचा संत्र्यांचा हंगाम ऐन जुलैत. मुलांनी मला सोलून दिलेलं संत्रं खाताना मी काही बोलले नाही, पण गोडीला आपल्यापेक्षा कमी होतं. वर्गाच्या जेवणात बहुतेक वेळा फुथू असतं: मक्याच्या पिठाचं मोकळं, रवाळ, आपल्या कण्यांच्या जवळचं. सोबत दाणे नाहीतर कोबी. मुलांसोबत त्याच पंगतीत बसून खा. वेगळा डबा उघडू नका.

भाषा झुलू. इंग्रजी मोठ्या मुलांना येतं, लहानांना नाही. एकट्याला ‘सावुबोना’, सगळ्यांना मिळून ‘सानिबोनानी’, आभार ‘नगियाबोंगा’. एवढं पाठ करून जा, बाकीचं मुलं शिकवतात आणि तुमच्या उच्चारांवर पोट धरून हसतात. आजीला ‘गोगो’. माझे पांढरे केस बघून मुलांनी पहिल्याच दिवशी मला गोगो करून टाकलं, आणि त्या एका शब्दानं माझं निम्मं काम सोपं केलं, कारण त्या वस्तीत घर गोगोच चालवते. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीचं प्रमाण ज्या प्रांतांत खूप जास्त आहे त्यांतला हा एक. मधली पिढी आजारानं गेली किंवा कामासाठी दूर गेली, आणि नातवंडं आजीच्या पदराखाली वाढली, अशी कितीतरी घरं. म्हणून शिक्षकांची आवडती सवय इथंच सोडून जा: ‘आपल्या कुटुंबाचं चित्र काढा’, ‘आई काय करते? बाबा काय करतात?’ मी दुसऱ्याच दिवशी हे करायला निघाले होते. तिथल्या ताईंनी हळूच कागद उचलून घेतले आणि म्हणाल्या, त्यापेक्षा आवडता प्राणी काढू द्या. कोणतं मूल कसली गोळी घेतं हेही विचारायचं नाही. कळलंच तर पोटात ठेवायचं.

मूल तुमच्याशी बोलताना खाली बघत असेल तर ते खोटं बोलतंय असं समजू नका. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत न बघणं हा तिकडं मान आहे, जसा आपल्याकडं खेड्यात होता. वस्तू देता-घेताना उजवा हात पुढं आणि डावा त्याला आधाराला. हे आरशापुढं चार वेळा करून बघा, हसू नका.

आता सर्वांत जड भाग. एखादं मूल तुमच्याजवळ येऊन घरातलं काही सांगेल. याची तयारी घरी, शांतपणे, आधी करा, कारण त्या क्षणी सुचत नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. ऐकायचं, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं, आणि त्याच दिवशी संस्थेच्या बाल-संरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला मुलाच्याच शब्दांत लिहून द्यायचं. आपल्याकडं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती दडवणं गुन्हा ठरवलं आहे. तिकडं बाल कायद्याच्या कलम ११० मध्ये माहिती कळवणं ज्यांना बंधनकारक आहे त्यांच्या यादीत ड्रॉप-इन सेंटर, म्हणजे मुलांनी दिवसा येऊन जायच्या केंद्रासारख्या ठिकाणचे स्वयंसेवकही आहेत. त्यांच्या चाइल्डलाइनचा क्रमांक ११६, आपला १०९८. संस्थेतली ती जबाबदार व्यक्ती कोण, तिचा फोन काय, हे पहिल्या दिवशी विचारून वहीच्या आतल्या पानावर लिहा. मला एकदा ते पान उघडावं लागलं. पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही.

बाकीचे नियम साधे आहेत. मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही, आपला फोन नंबर द्यायचा नाही, मांडीवर कुणाला ओढून घ्यायचं नाही. मूल स्वतः येऊन टेकलं तर टेकू द्यायचं. फोटो नाहीत. १८ जुलैला, मंडेलांच्या जन्मदिनी, सदुसष्ट मिनिटं समाजासाठी देण्याची तिकडं रीत आहे. त्या दिवशी हॉलमध्ये एकसारखे टी-शर्ट घातलेले पाहुणे आले, मुलांना रांगेत बसवून फोटो काढले आणि सरबत वाटून गेले. पातेली आम्हीच घासली. कुणाकुणाचे वर्षभर फोटोच फिरतात. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तुमच्याकडून हॉलचा, डोंगराचा, फुथूचा फोटो पुरेसा आहे.

रविवारी वेळ असेल तर गांधीजींनी १९०४ मध्ये वसवलेलं फिनिक्स जवळच आहे. १९८५ च्या दंगलीत ते जळालं होतं, नंतर पुन्हा उभारलं. सेवाग्रामच्या कुटीत लहानपणापासून जाणाऱ्यांना ते ओळखीचं वाटेल. पण अंधाराच्या आत परत या. जुलैत तिकडं सव्वापाचच्या आसपास सूर्य मावळतो. वर्गही म्हणूनच तीनला संपतो, मुलांना उजेडात घरी पोचायचं असतं.

खेळांसाठी बॅगेत जागा फार लागत नाही. दोरी, चेंडू, आणि सागरगोट्यांऐवजी काहीच नाही, कारण खडे तिथं पायाखाली असतात. वर्तुळात खडे ठेवून, एक वर उडवून, तो खाली येईतो बाकीचे ओढायचे, हा त्यांचा खेळ. नाव अमागेंडे. माझ्या बोटांना तो आठवणीनं आला, आणि नऊ वर्षांच्या एका पोरीनं मला तीनदा हरवलं.

शेवटची खरेदी इतवारीत. पतंगाचा रंगीत कागद घ्या, त्याला वजन नसतं. पहिल्याच दिवशी मुलांना सांगा की मी अमुक दिवशी परत जाणार आहे, आणि त्या कागदाच्या पट्ट्यांची साखळी त्यांच्याकडूनच करून दारावर टांगा. जितके दिवस तुम्ही असाल तितक्या कड्या, रविवारच्या कड्या वेगळ्या रंगाच्या. रोज वर्ग सुटताना एका मुलानं एक कडी तोडायची. कुणाची पाळी कधी, याची यादी आधी करून ठेवा, नाहीतर तिथंच भांडणं होतात.