मोफत पुस्तिका: वाटप आधी ठरवा, छपाई नंतर

आमच्या पहिल्या पुस्तिकेचं प्रकाशन थाटात झालं. सहा महिन्यांनी तिचे गठ्ठे एका कचेरीच्या कपाटात सापडले. पावसाळ्यात ओल धरून पानं एकमेकांना चिकटली होती. ते अजून मनाला लागतं. आपल्या तालुक्यातल्या बागा, तळी, अभयारण्यं यांची माहिती लोकांच्या हाती द्यायची असेल, तर पहिलं काम वाटपाच्या यादीचं.

वहीत ठिकाणं लिहा: वाचनालय, शाळा, पंचायत, दवाखाना, बसस्थानक, फेरीबोटीचा धक्का. प्रत्येकापुढे गठ्ठा सांभाळणाऱ्या एका माणसाचं नाव आणि प्रतींचा आकडा टाका. नाव मिळालं नाही, तर ते ठिकाण खोडा. आकड्यांची बेरीज करा, थोड्या प्रती जास्त धरा. छापायच्या तेवढ्याच.

मग मजकूर. समजा, गोव्यातला तिसवाडी तालुका घेतला. पणजीच्या चर्चसमोरचं गार्सिया द ओर्ता उद्यान, कांपाल, करमळीचं तळं, चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य. चोडणचं अभयारण्य जेमतेम १.७८ चौ. किमी. आहे, हे वाचायला छान. पण घरातून निघालेल्या माणसाला त्याहून महत्त्वाचं हे, की रायबंदरहून फेरीबोटीनं जाता येतं आणि तिवरांतून होडी न्यायची तर भरतीची वेळ बघावी लागते. करमळीला तळं रेल्वे स्थानकाजवळच आहे, तेही लिहा. फोंड्याकडची पुस्तिका असेल, तर बोंडला अभयारण्य गुरुवारी बंद असतं हे ठळक छापा. मुलांना आणि जेवणाचे डबे घेऊन आलेलं कुटुंब फाटकावरून परत जाताना पाहिलं, की या एका ओळीची किंमत कळते. पाणी, शौचालय, पायऱ्या किती, चाकाची खुर्ची जाते का, हे स्वतः जाऊन पाहा. तिकिटाचे दर छापू नका, ते बदलतात. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप मोफत वापरता येतो, मात्र त्याचा श्रेयनिर्देश छापणं बंधनकारक आहे. मजकूर मराठी आणि कोकणी दोन्हींत असावा.

मधोमध पिन मारायची पुस्तिका चारच्या पटीत पानं मागते. सोळा पानं पुरतात. ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च एकदाच होतो, म्हणून प्रती वाढल्या की दर उतरतो. काहीशेच प्रती हव्या असतील, तर डिजिटल छपाई बरी. तीन छापखान्यांकडून दरपत्रक घ्या. येईल त्या रकमेवर चौथा हिस्सा वाटपासाठी आणि दुरुस्तीसाठी वेगळा ठेवा, आणि देणगीदाराला तो हिशेबात उघड दाखवा.

पैसा मागायला नोंदणी लागते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली मंडळ नोंदवा. ग्रामसभेत विषय मांडून त्या गावाच्या प्रतींपुरतीच रक्कम मागा. छोटी मागणी लवकर मान्य होते. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्चावे लागतात, आणि पर्यावरण व सार्वजनिक वाचनालयं त्या यादीत आहेत. पण असा निधी घेणाऱ्या संस्थेला २०२१ पासून सीएसआर-१ नावाचा अर्ज भरून सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही. नवं मंडळ असेल, तर जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या माध्यमातून अर्ज करा. माझा कल मात्र गावातल्या वीस-पंचवीस छोट्या देणगीदारांकडे आहे. एकच मोठा दाता असला, की आतल्या पानांवर त्याच्या हॉटेलची वाट येऊ लागते. आभार शेवटच्या पानावर, एवढंच मान्य करा.

वाटप चवथ (गणेशचतुर्थी) सरल्यावर, पाऊस ओसरताना सुरू करा. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे ओल लागणार नाही असे बांधा, तारीख टाका. तीन आठवड्यांनी प्रत्येकाला फोन करा. जिथे पडून आहेत तिथून उचलून जिथे संपल्या तिथे न्या. हा फोन सहसा कुणी करत नाही, आणि तिथेच सगळं अडतं. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत ३० दिवसांत स्वखर्चानं पाठवायची असते. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयालाही द्या.

पहिल्याच महिन्यात कुणीतरी चूक दाखवेल. दुरुस्तीची चिठ्ठी छापा आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत चिकटवा.