दत्तक पिल्लाला जमिनीवर कधी सोडावे?

रस्त्यावरून वाचवलेले पिल्लू ठाण्यातील फ्लॅटमध्ये आणताना पट्टा आणि खेळणी यांच्या आधी लसीकरणाचा विचार करावा, कारण अशा पिल्लांना पार्व्हो या विषाणूचा धोका फार मोठा असतो. पहिली लस साधारण 6 ते 8 आठवड्यांच्या वयात दिली जाते, पुढचे डोस दर 2 ते 4 आठवड्यांनी, आणि शेवटचा 16 आठवड्यांच्या आसपास. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) सुरुवातीच्या डोसांना निष्प्रभ करू शकतात, म्हणून एका सुईवर थांबणे उपयोगाचे नाही. रेबीजची लस 3 महिन्यांनंतर द्यावी.

लसींचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या आवारात किंवा उपवन तलावाच्या काठी जमिनीवर सोडू नये. कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवावे, म्हणजे रिक्षांचा भोंगा आणि लिफ्टचा खडखडाट त्याच्या अंगवळणी पडतो.

घरात पूर्वी एखाद्या कुत्र्याला पार्व्हो झाला असेल, तर नेहमीच्या फिनाइलवर विसंबू नये. फरशी आधी स्वच्छ धुवावी, मग पाण्यात मिसळलेले ब्लीच दहा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि पुन्हा पाण्याने पुसून घ्यावे. गाई-म्हशीचे दूध टाळावे, कारण त्याने अनेक पिल्लांना जुलाब होतात (हे घरातल्या आजींना पटवणे सर्वांत अवघड). पिल्लू मलूल होऊन खाणे सोडत असेल, ओकत असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.