चौकातल्या जुन्या वडाची वारसा वृक्ष म्हणून नोंद करताना

महाराष्ट्राच्या 1975 च्या शहरी वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून पन्नास वर्षं पुरी केलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि ते तोडायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. म्हणून सांगली-मिरजेतल्या वडासाठी अर्ज करताना घेर आणि वय, दोन्ही पक्के हवेत.

घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर घेतात. पण जमीन कुठली धरायची? नदीकाठी बुंध्याशी पुराचा गाळ बसलेला असतो. खुरप्याने अलगद उकरा. मुळं फाकायला लागतात ती खरी पातळी. पाराच्या कट्ट्यावरून मोजलंत तर टेप वर जातो आणि घेर कमी भरतो.

शिंप्याचा टेप दीड मीटरचाच, तो जोडत गेलं की चूक ठरलेली. बांधकामावरचा 30 मीटरचा फायबर टेप आणा. खडूने खोडाभोवती हात-हात अंतरावर त्याच उंचीच्या खुणा करा, नाहीतर मागच्या बाजूला टेप हमखास खाली घसरतो. वटपौर्णिमेचा दोरा गुंडाळलेला असेल तर टेप त्याच्याखालून सरकवा. मोकळ्या पारंब्या टेपच्या बाहेर ठेवा. खोडाशी एकजीव झालेल्या घेरात धरा आणि अर्जात तसं लिहा.

घेरावरून वडाचं वय काढायचा मोह मात्र टाळा. पारंब्या मिळत गेल्या की घेर झपाट्याने वाढतो, शिवाय सागासारखी स्पष्ट वलयंही वडात मिळत नाहीत. शेजारच्या शाळेतला किंवा देवळातला तारखेचा जुना फोटो शंभर हिशेबांना भारी पडतो. 1970 च्या फोटोत वड पारासकट दिसला की पन्नास वर्षांचा वाद मिटला.

अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करा. त्यात घेर, उंची, फांद्यांचा पसारा (उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम), अक्षांश-रेखांश, सिटी सर्व्हे नंबर आणि टेप लावलेला एक फोटो हवा. खिळे, बुंध्याला भिडलेलं सिमेंट हेही नोंदवा. कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना होते. त्या यादीत हा वड आहे का, हे त्याच अर्जात विचारा. मिरज तालुक्यातल्या भोसे गावच्या वडासाठी 2020 मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाची आखणी बदलली, पण प्रत्येक झाडाच्या नशिबी तेवढा गाजावाजा नसतो. तेव्हा आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.