अलास्काची क्रूझ, सात किलोंची बॅग

नॉर्वेच्या पहिल्या क्रूझला आम्ही दोघांनी चार बॅगा नेल्या होत्या. मुलुंडच्या घरातून त्या खाली आणायलाच लिफ्टच्या दोन खेपा झाल्या. त्यात नणंदेने मनालीसाठी घेतलेला गुडघ्यापर्यंतचा कोट होता. तो जसा गेला तसाच घडी न मोडता परत आला. त्यानंतर अलास्काला गेलो ते प्रत्येकी सात किलोंची एक बॅग आणि पाठीवर सॅक घेऊन.

आपल्याला थंडीचा अंदाज नसतो हो. मुंबईत पारा 16 वर आला की वॉचमन शेकोटी पेटवतो. जून-जुलैत अलास्काच्या राजधानीत, जुनोला भर दुपारी साधारण तेवढंच तापमान असतं. आणि जहाज आतून उबदार असतं. जेवण, नाटक, पत्ते, झोप सगळं आतच. खरी थंडी लागते ती डेकवर, तीही अर्धा-पाऊण तास. त्यामुळे बाहेरचा जोड एकच न्यायचा आणि रोज तोच घालायचा. फोटोत रोज तेच जॅकेट दिसेल, दिसू दे.

हा जोड म्हणजे अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीसचं म्हणजे मऊ, लोकरीसारख्या कापडाचं जॅकेट आणि सगळ्यावर टोपीवालं, पाणी आत न येणारं पातळ जॅकेट. एका जाड कोटापेक्षा हे तीन पातळ थर जास्त ऊब देतात, कारण मधे हवा अडकते. शिवाय उकडलं की एकेक काढता येतं. कोट एक तर घालायचा, नाही तर हातावर वागवायचा. अलास्कातल्या केचिकन बंदराला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मुंबईपेक्षा बराच जास्त, त्यामुळे वरच्या जॅकेटवर पैसे वाचवू नका. छत्री घरीच ठेवा, डेकवरच्या वाऱ्यात ती उलटी होते. जीन्सही नको. भिजली की आपल्या जुलैतल्या कपड्यांसारखी दोन दिवस ओलीच राहते.

खरेदी हिवाळ्यातच उरका. परळला तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात तेव्हा कानटोपी, हातमोजे, लोकरीचे पायमोजे मिळतात. मी थर्मल घ्यायला मे महिन्यात गेले आणि ट्रायल रूममध्ये घामाने ते अंगाला असं चिकटलं की काढायला सेल्सगर्लला हाक मारावी लागली.

सात दिवसांना थर्मलचे दोनच जोड पुरतात, पण धुवायची रीत माहीत हवी. रात्री बेसिनमध्ये शाम्पूच्या पुडीने धुवायचं. पिळायचं नाही. कोरडा टॉवेल पलंगावर पसरून त्यावर थर्मल ठेवायचं, पोळीच्या सुरळीसारखं गुंडाळायचं, जमिनीवर ठेवून वर उभं राहायचं आणि पायांनी तुडवायचं. पाणी टॉवेलमध्ये जातं. मग बाथरूममधल्या दोरीवर टाकलं की सकाळपर्यंत सुकतं. केबिनच्या भिंती बहुधा पत्र्याच्या असतात, म्हणून मी लोहचुंबकाचे चार हुक नेते. टोप्या-जॅकेटं त्यावर लटकतात. इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने ती काढून घेतात.

एका रात्री नटून जेवायला जायचं असतं. पुरुष तेवढ्यासाठी सूट-बूट वागवतात. मी क्रेपची एक साडी नेते. मुठीत मावते, चुरगळत नाही. परकर नेत नाही, थर्मलच्या काळ्या पँटवरच निऱ्या खोचते. कोणाला कळत नाही आणि पायही गार पडत नाहीत.

बूट एकच जोडी, पाणी न शिरणारे, तेही विमानात पायातच. जॅकेट सहार विमानतळापर्यंत हातावर घ्या आणि विमानात अंगावर चढवा, तिथे एसीत बरंच वाटतं. घरचं खाणं म्हणाल तर मी फक्त मेतकुटाचं बंद पाकीट नेते. आमच्या ह्यांना चिवडा लागतो, तो त्यांच्या वजनात.

बंदरावर मोठी बॅग ताब्यात घेतात आणि ती केबिनपाशी कधी कधी संध्याकाळी येते. नॉर्वेला मी पहिली संध्याकाळ सुती पंजाबी ड्रेसवर डेकच्या दारात कुडकुडत काढली. म्हणून औषधं, पासपोर्ट, कानटोपी आणि फ्लीस सॅकमध्ये ठेवा. पॉवर बँकही सॅकमध्येच, कारण विमानात ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

एका वस्तूवर मात्र मी वजन खर्च करते, दुर्बीण. अलास्कातल्या ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या आखातात जहाज दिवसभर फिरतं, पण कुठेही उतरवत नाही. मार्जरी हिमनदीसमोर ते थांबतं आणि सगळं बघणं डेकवरूनच. बर्फावरून येणारा वारा बोचतो. तिथे मात्र तिन्ही थर, कानटोपी, हातमोजे, सगळं अंगावर होतं.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. लहान बॅग असेल तर ती सकाळी स्वतःच ओढत उतरता येतं. आम्ही तसंच केलं. नाश्त्याला समोरच्या टेबलावर एक काका नाइट सूट आणि चकाकत्या काळ्या बुटांत पोहे शोधत होते. बाकीचे कपडे रात्रीच बॅगेतून खाली गेले होते.