पुढचं पुस्तक हाताशी ठेवा : मजेसाठी वाचायची सवय कशी लावावी

वाचनाची सवय लावण्यासाठी जे सल्ले छापून येतात, त्यातले बरेचसे मुंबईकडचे असतात. ‘लोकलमध्ये वाचा’ हा त्यातला पहिला. नागपुरात मनीषनगरहून बर्डीला निघालेला माणूस गाडीवर टांग टाकतो, आणि पोचेपर्यंत त्याचे दोन्ही हात हँडलवर असतात. आपल्याला वाचायचा वेळ घरातच काढावा लागतो. तो निघतोही. घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. एक पुस्तक संपतं, दुसरं हाताशी नसतं, आणि मधल्या आठ-दहा दिवसांत ती वेळ मोबाइल बळकावतो. वाचणारा माणूस पुस्तकाच्या मध्यावर क्वचितच सुटतो; तो दोन पुस्तकांच्या मधे सुटतो. म्हणून पुढचा सगळा खटाटोप ही मधली फट बुजवण्याचा आहे.

आधी आपला वेग बघा

एखादी साधी, सोप्या भाषेतली कादंबरी घ्या, घड्याळ लावून वीस मिनिटं वाचा आणि पानं मोजा. शर्यत लावायची नाही, नेहमीच्या चालीनं वाचायचं. समजा दहा पानं झाली. रोज तेवढीच झाली तर 200 पानांचं पुस्तक वीस दिवसांत संपतं, म्हणजे वर्षाला अठरा पुस्तकं. हा हिशोब एकदा कागदावर मांडला की ‘रोज दोन तास मिळाले पाहिजेत’ हे भूत उतरतं.

पानं फारच कमी होत असतील, ओळी पुन्हापुन्हा वाचाव्या लागत असतील आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, तर मन लागत नाही असं समजण्याआधी डोळे तपासून घ्या. जवळचा नंबर हळूहळू लागतो आणि माणूस दोष पुस्तकाला देत राहतो. दिवाही बघा. छताच्या मध्यावरच्या एका ट्यूबलाइटखाली पलंगावर आडवं होऊन वाचलं तर आपलीच सावली पानावर पडते. खांद्याच्या मागून प्रकाश येईल असा साधा टेबललॅम्प पुरतो.

वेळ ठरवू नका, जोडून घ्या

‘रोज रात्री साडेनऊला वाचीन’ हा बेत पहिल्याच लग्नसराईत मोडतो. त्यापेक्षा रोज न चुकता होणारं एखादं काम शोधा आणि वाचन त्याच्या शेपटीला बांधा. सकाळचा चहा झाला की, दुपारची भांडी आवरली की, मुलाला ट्यूशनला सोडलं की. ट्यूशनचं उदाहरण मुद्दाम दिलं. शहरात संध्याकाळी कितीतरी आईबाबा क्लासबाहेर गाडीला टेकून मोबाइल चाळत उभे असतात. तो वेळ आयता आहे. डिकीत एक पुस्तक पडलेलं असलं की झालं.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं, ते मनावर घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेला एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात 96 जणांनी रोज एकेक नवी गोष्ट करायला घेतली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतील असं दिसलं, आणि माणसामाणसातला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे : मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नव्हता. म्हणजे काल राहिलं म्हणून आज दुप्पट वाचायची शिक्षा स्वतःला करायची गरज नाही.

नागपूरचा उन्हाळा कामाला लावा

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते पाच बाहेर कोण पडतं? पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि नवतपा लागला की रस्ते ओस. सवय सुरू करायला ह्यासारखा मोसम नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं घरात असतात, तीही आपसूक ओढली जातात. एकच बघा : कूलरच्या थेट समोर बसून वाचू नका. पानं सारखी फडफडतात ते सोडा, त्या ओलसर हवेनं कागद दमट होतो, पुठ्ठा वाकडा होतो आणि वाचनालयाचं पुस्तक असेल तर आधीच सैल झालेली शिवण आणखी सुटते. कूलरच्या बाजूला, हवा पाठीवरून जाईल असं बसावं. डाव्या बाजूच्या पानांना कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावला की हातही मोकळा राहतो. जेवल्यावर आडवं होऊन मात्र सुरुवात करू नये. तिसऱ्या पानावर पुस्तक नाकावर येतं.

वाचनालयात जा, पण योग्य खिडकीवर

पुस्तक विकत घेणं चांगलंच. पण सवय लागेपर्यंत वाचनालय बरं, कारण त्यात दोन फायदे आहेत. न आवडलेलं पुस्तक परत करताना पैसे बुडाल्याची हळहळ होत नाही. आणि परत करायला गेलो की पुढचं घेऊनच येतो, म्हणजे ती मधली फट आपोआप बुजते.

झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे. 1923 साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेचं ग्रंथालय आहे. राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आहे. वस्त्यांमधून लहान सार्वजनिक वाचनालयं आहेत, ती घराजवळ असतील तर आधी तीच बघा. दूरच्या मोठ्या वाचनालयापेक्षा चालत जाता येईल असं लहान वाचनालय जास्त कामाचं. आत गेल्यावर टेबलांवर स्पर्धा परीक्षांची पोरं मान खाली घालून बसलेली दिसतील. ती अभ्यासिका. आपल्याला विचारायचं ते ‘देवघेव विभाग कुठे आहे?’ असं. तिथे अनामत रक्कम भरायची, महिन्याची वर्गणी भरायची, ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची. अनामत सदस्यत्व सोडताना परत मिळते, तेव्हा पावती जपून ठेवा. एका वेळी किती पुस्तकं मिळतात, मासिकांची वर्गणी वेगळी आहे का, आणि सुट्टीचा वार कोणता, हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

कपाटांसमोर उभं राहिलं की गांगरायला होतं. अशा वेळी पुस्तकाचं शेवटचं पान उघडावं. तिथे चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के असतात. कुठल्या पुस्तकाचा कागद भरून त्यावर दुसरा चिकटवलेला असतो, कुठल्यावर सगळ्या मिळून दोन तारखा. पुरस्कारांच्या यादीपेक्षा हा कागद जास्त खरं बोलतो. अर्थात दोनच शिक्के असलेल्या पुस्तकातही कधीकधी घबाड सापडतं, पण ते नंतर, चटक लागल्यावर. दुसरा उपाय, देवघेवीच्या टेबलावर बसलेल्या ताईंना किंवा काकांना विचारावं. ‘काही चांगलं सुचवा’ म्हटलं तर ते जाडजूड आणि वजनदार काहीतरी हातात ठेवतील. ‘सध्या लोक काय पळवताहेत?’ असं विचारा.

जे आवडेल तेच

मजेसाठी वाचायचं ठरवलं आहे ना? मग रहस्यकथा, भयकथा, शिकारकथा, विनोदी, प्रवासवर्णन, क्रिकेटपटूचं चरित्र, काहीही चालतं. पैसा कसा वाढवावा, व्यक्तिमत्त्व कसं घडवावं असली पुस्तकं सुरुवातीला दूर ठेवा. ती वाईट असतात म्हणून नव्हे, तर त्यांनी वाचनाला गृहपाठाचा वास लागतो. गृहपाठ कोणी आपणहून करत नाही.

चाळीस पानांपर्यंत पकड आली नाही तर पुस्तक मिटा. लोकांना हेच सगळ्यांत जड जातं. ‘घेतलंय तर संपवलंच पाहिजे’ हे लहानपणी ताटातल्या अन्नावरून शिकवलेलं आपण पुस्तकांनाही लावतो, आणि मग एकच कंटाळवाणं पुस्तक उशाशी चार महिने पडून राहतं. त्या चार महिन्यांत दुसरं काही वाचलं जात नाही, हा खरा तोटा.

उशाशी तीन पुस्तकं

एक वाचायला घेतलेलं, एक त्यानंतरचं, आणि एक पातळ कथासंग्रह किंवा जुना दिवाळी अंक. थकलेल्या दिवशी कादंबरीचा धागा धरवत नाही, पण आठ पानांची कथा होते. वाचन थांबवताना प्रकरण संपायची वाट न बघता मधेच, ऐन रंगात थांबा; दुसऱ्या दिवशी हात आपणहून पुस्तकाकडे जातो. मोबाइल ह्या वीस मिनिटांपुरता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. तो उपडा करून शेजारी ठेवणं ही स्वतःचीच फसवणूक.

साठा भरायला नागपुरात दसरा-दिवाळीसारखा काळ नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं भाकरीच्या पिशवीत पुस्तकं कोंबून नेताना दिसतात. चरित्रं, कविता, इतिहास, अगदी खिशात मावतील अशा पुस्तिका. पुस्तकाची भीती वाटणाऱ्यानं एकदा ती गर्दी बघावी आणि दोन-चार पुस्तिका घेऊन यावं. पाठोपाठ दिवाळी अंक येतात. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकानं सुरू केलेली ही प्रथा नवशिक्या वाचकाला फार सोयीची : एकाच अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं, भविष्यही. बरीच वाचनालयं ठरावीक रकमेत दिवाळी अंक घरी वाचायला देण्याची योजना काढतात. पुढचे दोन-तीन महिने पुस्तक शोधायची विवंचनाच उरत नाही.

मेट्रोनं जाणाऱ्यांना मात्र मुंबईचा सल्ला आता लागू पडतो. खापरीहून किंवा लोकमान्यनगरहून बर्डीला यायला लागणारा वेळ सात-आठ पानांना पुरतो, आणि वर गार हवा. शेजारचा ‘काय वाचून राहिला बे?’ म्हणून विचारेल. सांगून टाका, नव्या वाचकाला तोही एक धाक बरा असतो.

नोंद ठेवा, आकडा नको

एका वहीत पुस्तकाचं नाव, संपवल्याची तारीख आणि एक ओळ, एवढं पुरे. ‘वर्षात पन्नास’ अशी पैज लावली की माणूस पातळ पुस्तकं शोधायला लागतो. अर्धवट सोडलेल्यांचीही नोंद करा. काही महिन्यांनी वही चाळली की आपल्याला काय आवडतं हे तिथे लिहिलेलं सापडतं, आणि पुढची निवड चुकत नाही.

कधीतरी खंड पडेलच. घरी लग्न निघतं, आजारपण येतं, मार्च एंडिंग येतो, आणि दोन महिने पुस्तकाला हात लागत नाही. अशा वेळी अर्धवट राहिलेलं पुस्तक पुन्हा उचलू नका. मागचं आठवत नाही आणि पहिल्या पानापासून जायचा कंटाळा येतो. ते सरळ परत करा, पूर्वी एकदा मनापासून आवडलेलं एखादं पातळ पुस्तक काढा आणि तेच पुन्हा वाचा. ते संपण्याच्या आत वाचनालयाची एक चक्कर मारून या.