छतावर सोलर चढवण्याआधी लाईन तपासा

लख्ख ऊन, पॅनल धुतलेले, आणि दुपारी साडेबाराला इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या एसी विजेत बदलणारा) बंद. मिनिटभराने सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. स्क्रीनवर व्होल्टेज जास्त असल्याचा संदेश येतो. गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीकडे कुळागरांतून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतून, घरे विखुरलेली असतात आणि एका ट्रान्सफॉर्मरची लाईन खांबाखांबाने लांबवर गेलेली असते. अशा लाईनच्या टोकाच्या घराला हा त्रास हमखास होतो. पॅनल कुठल्या कंपनीचे घ्यावे याची चौकशी सगळे करतात, तारांकडे मात्र कोणी बघत नाही.

कारण समजून घ्या. 11 केव्हीचा (11 हजार व्होल्टचा) ट्रान्सफॉर्मर खालच्या बाजूला दोन फेजांमध्ये 433 व्होल्ट देतो, म्हणजे फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामध्ये 250. हे मुद्दाम जास्त ठेवलेले असते, कारण संध्याकाळी सगळ्या घरांत लोड चढला की तारेत व्होल्टेज गळते आणि शेवटच्या घराला जेमतेम 230 पोचावे लागते. भर दुपारी ही गळती जवळजवळ नसते. त्यात सोलरची वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाईनपेक्षा वरचे व्होल्टेज करावेच लागते. नियमाने 253 च्या वर गेला की त्याने 2 सेकंदांत लाईन सोडायची असते. ट्रान्सफॉर्मरपाशी 250 असतील, तर हातात उरले 3 व्होल्ट.

म्हणून पहिले काम मोजणीचे. फेब्रुवारी ते मे या काळात, सकाळी 11 ते दुपारी 2, दर 15 मिनिटांनी मेन स्विचपाशी फेज-न्यूट्रल व्होल्टेज वहीत लिहा. रविवार धरून सलग आठवडाभर. कार्यालये, दुकाने बंद असल्याने रविवारी आकडा बहुधा सर्वांत वर जातो. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. सोबत रात्री 7 ते 10 चे आकडेही लिहा, ते पुढे लागतील. दुपारी 238 पर्यंत असेल तर निर्धास्त राहा. 238 ते 244 असेल तर वायरीचा हिशेब काटेकोर करा. सोलर नसतानाच 244 च्या वर जात असेल तर ते 230 च्या वरखाली ठरलेल्या 6 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर आहे. पॅनल घेण्याआधी वीज खात्याकडे लेखी तक्रार द्या.

आता वायरीचा हिशेब. समजा इन्व्हर्टर 5 किलोवॉटचा, सिंगल फेज. 230 व्होल्टला करंट होतो 21.7 अँपिअर. इन्व्हर्टरपासून खांबापर्यंत 40 मीटर, 10 चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम केबल. तिचा रोध किलोमीटरला 3.08 ओहम. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून 80 मीटर धरायचे: 0.246 ओहम. गुणाकार करा, 5.3 व्होल्ट. म्हणजे खांबावर 248 असतील तर इन्व्हर्टरपाशी 253 ओलांडले. हीच केबल 16 चौरस मिलिमीटरची घेतली तर वाढ 3.3 व्होल्टवर येते.

खरा फरक थ्री फेजने पडतो. तेच 5 किलोवॉट तीन फेजांत सारखे वाटले की दर फेजला 7.2 अँपिअर, आणि न्यूट्रलमधून परतीचा करंट जवळपास शून्य. वाढ 0.9 व्होल्ट, म्हणजे सहाव्या हिश्श्यावर. कनेक्शन थ्री फेज करून घेण्याचा खर्च आणि धावपळ आहे खरी, पण 5 किलोवॉट किंवा त्यावर जाणाऱ्याने तो खर्च वाचवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोलर आधीच बसला असेल तर एक सोपी परीक्षा आहे. पूर्ण उत्पादन चालू असताना एकाच वेळी दोन ठिकाणी व्होल्टेज बघा. इन्व्हर्टरवर 251 आणि मेन स्विचवर 244 दिसले, तर 7 व्होल्ट तुमच्याच घरच्या वायरीत चढले. दोष लाईनचा नाही. केबल बारीक आहे किंवा एखादा जोड सैल आहे. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने जोड लवकर कुजतात. तांब्याची वायर थेट अ‍ॅल्युमिनियमला पिळून जोडलेली दिसली तर ती सोडवून बायमेटॅलिक लग (तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम जोडायचे खास टोक) लावा. न्यूट्रलचा जोड सर्वांत आधी तपासा. थ्री फेज लाईनचा न्यूट्रल तुटला तर एखाद्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज उसळून फ्रिज, टीव्ही जळतात.

दुपारची वीज दुपारीच वापरा. विहिरीचा पंप, गीझर, वॉशिंग मशीन, गाडीचे चार्जिंग 11 ते 2 मध्ये लावले की दर किलोवॉटमागे बाहेर जाणारा करंट 4.3 अँपिअरने घटतो. टायमर स्विच लावला की लक्षात ठेवायची कटकट नको. इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज वाढले की रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर ओढून (काम न करणारी वीज, पण ती ओढली की व्होल्टेज थोडे उतरते) ते आवरण्याची सोय असते, ती खात्याच्या संमतीने चालू करून घ्या. मात्र गावच्या बारीक तारांवर तिचा उपयोग मर्यादित. 253 ची मर्यादा वाढवून देणारा इन्स्टॉलर भेटला तर त्याला थांबवा. वाढलेले व्होल्टेज शेजाऱ्यांच्या घरातही शिरते.

एवढ्याने भागले नाही तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे त्याचे व्होल्टेज पायरीपायरीने कमी-जास्त करायची जोडणी. एक पायरी म्हणजे अडीच टक्के, साधारण 6 व्होल्ट. तो बदलताना ट्रान्सफॉर्मर बंद करावा लागतो, हे काम खात्याचेच; लहान क्षमतेच्या अनेक ट्रान्सफॉर्मरना टॅप नसतोही. पण दुपारचे 6 कमी झाले की रात्रीचेही 6 कमी होतात. शेवटच्या घरात रात्री 220 असतील तर ते 214 वर येईल, म्हणजे 6 टक्क्यांच्या खालच्या मर्यादेच्या, 216 च्याही खाली. रात्रीचे आकडे लिहायला सांगितले ते यासाठी. तेव्हा मागणी टॅपची नको, जाड तारेची किंवा लाईनच्या मध्यावर नव्या ट्रान्सफॉर्मरची हवी. अर्ज एकट्याने न करता वाड्यावरच्या (वस्तीतल्या) सगळ्यांनी मिळून, दोन्ही वेळांच्या आकड्यांसह द्या.

अर्थिंगबद्दल एक सूचना. जांभा दगडात रोध जास्त असतो. पावसात मोजले तर आकडा छान येतो आणि मे महिन्यात फसवतो. मोजणी मे अखेरीस करा, 5 ओहमच्या आत आणा. पॅनल, एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा लाइटनिंग अरेस्टर) यांचे अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे ठेवा.

पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडून वीज गेली की साधा, बॅटरी नसलेला सोलरही बंद पडतो, आणि पडायलाच हवा. नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हाताखालची तार तुमच्या छतामुळे जिवंत राहील. तेव्हाही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी घ्या, आणि बॅकअपच्या सर्किटवर फक्त दिवे, पंखे, फ्रिज ठेवा. पंप सुरू होताना एकदम ओढ घेतो, तो त्यावर नको.